काळ्या कोटाचा फोटो

वकीलकाका निवृत्त झाले. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत त्यांचा फोटो लागायचा होता, आणि पुतण्याच्या रोलमध्ये शेवटचा एकच फोटो उरला होता. त्याने काळ्या कोटाजवळ उजेड मोजायचा मीटर धरला. मीटरला वकिलांसारखंच सगळं जग राखाडी दिसतं, म्हणून मीटरने सांगितलं त्यापेक्षा त्याने दोन स्टॉप उजेड कमी दिला. कोट काळाच राहिला आणि त्याचा धागान् धागा उमटला; कोपरावरचं रफूसुद्धा.

"गाढवा, माझी अब्रू भिंतीवर टांगतोस?" काका कडाडले. "हा फोटो लागणार नाही!"

काकूने चष्मा पुसून फोटो नीट पाहिला.

"तीस वर्षं रफू करतेय, आज पहिल्यांदा कुणाला तरी दिसलं. हाच लागेल."

काकांनी अपील केलं नाही.