मी उघडणार नाही, भाऊजी!

मी कुलूपबंद फोल्डर बोलतोय. शिवणाच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलाला लागून जुना कॉम्प्युटर आहे ना, त्यात राहतो. गोड बोला नाहीतर डोळे वटारा, मी तोंड उघडणार नाही.

मला घडवलं शिवणाऱ्या बाईंच्या भाचीनं. पोरीनं मरायला टेकलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची हलकी, फुकटची सिस्टिम घातली, त्याला उठवून बसवलं, मग मला बनवलं. म्हणाली, "आत्या, पासवर्ड चांगला लांबलचक ठेव. पण विसरलीस ना, तर मीही काही करू शकणार नाही हं!"

"माझं डोकं अजून जाग्यावर आहे," आत्या म्हणाली.

माझ्या पोटात आत्याचे पॅटर्न, म्हणजे कपडे बेतायचे आराखडे आहेत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, हात वर केला की कळवळायच्या. तेव्हा हिनं हात न उचलता घालता येतील असे कपडे बेतले. शिवायचे, उसवायचे, पुन्हा शिवायचे. कुलूप लागलं की त्या रेघांचा असा गुंता होतो, की माझं मलाच वाचता येत नाही. मग दुसऱ्याला काय सांगू, कपाळ?

थोरल्या दिरांनी हे पॅटर्न द्यायचा एका कारखानदाराला परस्पर शब्द दिला. हिचं म्हणणं एवढंच, कपड्यावर माझं नाव लागलं पाहिजे.

"घरात कसलं आलंय तुझं-माझं?" म्हणत दीर माझ्यासमोर बसले. इथे पडद्यावरच्या काळ्या चौकटीत पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही, साधा ठिपका उमटत नाही. यांना वाटलं, की-बोर्ड मेला. बडव बडव बडवला. नवा आणला. तोही मेला!

दुरुस्तीवाला आला आणि पोट धरून हसला. "काका, जिवंत आहे तो. टाकलंत काय?"

"माझं नाव. दुसरं काय असणार?"

घ्या!

"कुलूप फोडून दे."

"फुटत नाही. पुसता येईल फक्त."

दीर हिच्याकडे वळले. "ऐकलंस? पासवर्ड सांग, नाहीतर पुसतो."

दुसरी प्रत कुठेच नव्हती. तरी हिचं मशीन थांबलं नाही. "पुसा, भाऊजी. मग कारखानदाराला काय देणार, की-बोर्ड?"

दिरांचं बोट हवेतच राहिलं. मी मात्र ठरवून बसलो होतो: पुसला जाईन, पण उघडणार नाही.

शेवटी वाट बघून कारखानदारच दुकानात आला. "हे बेतलं कुणी?"

"मी," ती म्हणाली.

"मग तुमच्याशीच बोलायला हवं होतं, बाई."

नाव लागायचं ठरलं, सह्या झाल्या, तेव्हाच ती उठली. "भाऊजी, तोंड तिकडे करा."

भाऊजी भिंतीकडे वळले. तिची बोटं चालली आणि मी उघडलो.

काम झालं, पुन्हा मिटलो. आता कुणाला आतलं काही हवं असेल, तर बाईंना विचारा. त्या समोरच बसतात. माझ्याशी झटापट करू नका, की-बोर्ड फुकट जातील.