शेवंताचे उरलेले दोन

मनुष्याने अखेर काळावर मात केली आहे. जन्म मध्येच थांबवून ठेवता येतो, वर्षानुवर्षं साठवता येतो आणि सवड होईल तेव्हा पुढे चालू करता येतो. पुराणातल्या ऋषींना जे साधलं नाही ते चाकण एमआयडीसीत, गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या गाळ्यात साधलं आहे. अडचण एवढीच, की थांबवलेला जन्म पुढे चालू करायला गेलं की तो बहुतेक वेळा मरतो.

या अडचणीवर डॉ. मिनल ओव्हाळ काम करत होती. काम सांगायला सोपं आहे. गाईच्या पोटातून सुईने बीजांडं काढायची, बशीत त्यांचा वळूच्या वीर्याशी संबंध जुळवायचा आणि सात दिवस उबेत ठेवायचं. मग बारीक वाळूच्या कणाएवढा गर्भ तयार होतो. त्याच दिवशी पोटात घ्यायला एखादी गाय तयार असली तर ठीक, नाहीतर त्याला गोठवून नायट्रोजनच्या टाकीत उणे एकशे शहाण्णव अंशांवर उतरवायचं. गाईच्या पोटात वाढलेला गर्भ हा गारठा बऱ्यापैकी सोसतो. बशीत वाढलेला सोसत नाही, कारण आयतं खाऊन तो गुबगुबीत झालेला असतो आणि त्याच्या अंगातली चरबी गोठताना त्यालाच मारते. मिनल दोन वर्षं बशीतलं खाणं बदलून बघत होती. जड ते काढायचं, चरबी जाळायला लावणारं एक औषध घालायचं. थोडक्यात, तिने गर्भांना डाएटवर ठेवलं होतं. तिचे वडील भीमराज आकुर्डीला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये एकतीस वर्षं होते. रंग वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

तिच्याकडे मारुतराव भोंडवे आले ते खिल्लार गाय घेऊन.

मारुतराव रावेतचे. वय चौऱ्याहत्तर. ज्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर ते राहतात तो त्यांच्याच जमिनीवर उभा आहे आणि त्यांचा हॉल बरोबर जुन्या गोठ्याच्या जागी येतो, फक्त शंभर फूट वर. एके काळी बैलगाडा शर्यतीच्या घाटावर त्यांचं नाव पुकारलं की समोरच्या बारीतले गाडामालक गप्प व्हायचे. ही सगळी कीर्ती शेवंता नावाच्या गाईची. ती सात वेळा व्याली आणि सातही वेळा खोंड झाला. एकेक खोंड घाट गाजवून मंचर, जुन्नर, खेड असा बाहेर गेला. नाव झालं, पण गोठ्यात मागे कोणी राहिलं नाही.

शेवंताला वाढवलं होतं शालनबाईंनी, म्हणजे मारुतरावांच्या बायकोने. शेवंताची आई वितानाच गेली, तेव्हा शालनबाईंनी बाटलीने दूध पाजून तिला मोठी केली. पुढे ती शालनबाईंशिवाय कोणाला कासेला हात लावू देईना. तीन वर्षांपूर्वी शालनबाई गेल्या. शेवंता तेव्हा सातव्यांदा व्यालेली, आणि तेराव्याच्या आतच तिने दोन माणसं लाथाडली. तेव्हा मारुतरावांनी जुना उपाय केला. बायकोचं न धुतलेलं लुगडं अंगावर घेतलं, पदर डोक्यावरून ओढला आणि बादली घेऊन खाली बसले. शेवंताने हुंगलं आणि पान्हा सोडला.

रोज पहाटे सहा वाजता अकराव्या मजल्यावरून लिफ्टने एक भरघोस मिशांचा गृहस्थ हिरवं लुगडं पांघरून खाली यायचा. शिफ्टवरून परतलेली आयटीतली पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बाजूला सरकायची. वॉचमनने पहिल्या दिवशी वहीत नाव लिहायला सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून सलाम करायला लागला. शेवंता शेजारच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये असायची. तिथल्या टॉवरचं काम कोर्टात अडकलं होतं आणि न्यायालयाच्या कृपेने तिला छप्पर होतं. दूध काढून झालं की ती मान वळवून मारुतरावांची पाठ चाटायची. शालनबाईंची चाटायची तशीच, खांद्यापासून कमरेपर्यंत.

पुढे दूध आटलं. मारुतराव तरीही सहाला लुगडं घेऊन खाली जात राहिले.

शालनबाई अजून आहेत, रोज सकाळी येतात, असं मानणारा जगात तो एकच जीव होता. मारुतरावांना त्याचा समज मोडायचा नव्हता. पाठ चाटून घेताना दहा मिनिटं त्यांनाही ते खरं वाटायचं, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला.

सतरा वर्षांची गाय आता गाभण राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ते चाकणला आले. घाटावरच्या जुन्या मित्रांना वाटलं, गड्याला आठवा खोंड पाहिजे. मारुतरावांनी मिनलला सांगितलं, कालवड. ती म्हणाली, निवडलेलं वीर्य वापरू, दहात नऊ वेळा कालवड होते. दहाव्या वेळी काय, असं त्यांनी विचारलं नाही.

रविराज, त्यांचा मुलगा, वाकडला राहतो आणि जमिनींच्या व्यवहारात असतो. वस्तूला पर्याय नाही हे त्याला पटतच नाही. त्याने वडिलांना किती वेळा समजावलं होतं, की चाकणच्या बाजारात शनिवारी पन्नास खिल्लारी उभ्या असतात, हवी ती घेऊ. एकदा त्याने जरा स्पष्टच विचारलं.

“आबा, ते वासरू जन्मलं तरी त्याला आई कुठं माहिती असणार?”

“शेवंताला तरी कुठं म्हाईत व्हतं मी कोण हाय ते,” मारुतराव म्हणाले. “तिला लुगडं पुरलं.”

रविराजने त्यानंतर हा विषय काढला नाही. चाकणला जाताना गाडी मात्र तोच चालवायचा.

मिनलने बीजांडं काढण्याआधी सहा आठवडे शेवंताला काय आणि किती द्यायचं ते कागदावर लिहून दिलं होतं. चारा असा, भुसा इतका, पेंड बंद. गाय अंगाने हलकी हवी. मारुतरावांनी कागद शेडमध्ये खिळ्याला अडकवला आणि चार दिवस तंतोतंत पाळला. पाचव्या दिवशी शेवंताच्या बरगड्या दिसायला लागल्या, निदान त्यांना तरी दिसल्या.

इथे घाटावरच्या माणसाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. शर्यतीच्या आधी बैलाला खुराक देतात. उडदाची डाळ, शेंगदाण्याची पेंड, गूळ, खोबरं, दूध, वर डझनभर अंडी. माणसाच्या पानात काय पडतं ते कोणी बघत नाही. मोठं काम समोर असलेल्या जनावराला उपाशी ठेवायचं हे मारुतरावांच्या हाताला जमण्यासारखंच नव्हतं. शेवंतापुढे तर आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. त्यांनी खुराक चालू केला, आणि रविराजला कळू नये म्हणून खोबरं खिशातून नेलं.

शेवंता त्या सहा आठवड्यांत खूश होती. बीजांडं निघाली ती डांबरासारखी काळी. काळी म्हणजे चरबीने भरलेली. त्यांतून पाच गर्भ झाले. नेमक्या त्या आठवड्यात एकही गाय योग्य दिवसावर आलेली नव्हती, त्यामुळे पाचही गोठवावे लागले. तीन गर्भ बशीतल्या नेहमीच्या खाण्यावर वाढलेले होते, दोन मिनलच्या नव्या खाण्यावर. सगळे एकाच नव्या खाण्यावर का ठेवले नाहीत, असं मारुतरावांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, नवं बरं की वाईट हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर शेवंता गेली. बसल्या जागी, शांतपणे. रविराजने जेसीबी आणला आणि कोर्टात अडकलेल्या त्याच प्लॉटवर खड्डा केला. मारुतरावांनी लुगडं घडी करून कपाटात ठेवलं आणि सकाळी सहा वाजता काय करायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने योगाचं आमंत्रण दिलं. ते एकदा गेले. तिथे सगळे पाठीवर पडून हसत होते.

जानेवारीत मिनलने पहिले दोन गर्भ टाकीतून काढले. मेले. फेब्रुवारीत तिसरा काढला. तोही मेला. प्रत्येक वेळी तिने स्वतः फोन करून सांगितलं आणि प्रत्येक वेळी मारुतरावांनी तुम्ही जेवलात का, असं तिला विचारून फोन ठेवला.

मार्चमध्ये उरलेल्या दोघांची, म्हणजे नव्या खाण्यावरच्यांची, पाळी आली. गाय तयार होती. शेजारच्या गोठ्यातली काळीपांढरी संकरित. मारुतरावांनी स्थळ बघायला गेल्यासारखी तिची चौकशी केली, घराणं ऐकून नाक मुरडलं आणि शेवटी, स्वभावानं गरीब दिसती, म्हणून होकार दिला.

सकाळी नऊला चाकणच्या गाळ्यात, बापलेकांसमोर, दोन्ही गर्भ बशीत आले. मिनलने समजावून सांगितलं, की गोठवताना पाणी काढून घेतल्यामुळे ते आकसलेले असतात. जिवंत असले तर पाणी ओढून तीन-चार तासांत पुन्हा फुगतील. नसले तर तसेच राहतील. भिंगाचं चित्र पडद्यावर दिसायचं. दोन चुरगळलेले गोळे. मारुतरावांनी खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि बसले. चहा आला तो रविराजने प्यायला.

साडेदहाला पहिला गोळा विस्कटला. दाणे दाणे झाले. मिनलने वहीत एक रेघ ओढली. रविराजला फोन आला, तो बाहेर गेला. मारुतराव हलले नाहीत.

“पोरी, एक सांगायचं व्हतं,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले. “तुझा कागद मी पाळला न्हाई. खुराक घातला तिला. पेंड, अंडी, सगळंच. ती वाळत चालल्याली बघवंना.”

मिनलने पडद्यावरची नजर काढली नाही. “माहिती आहे, काका.”

“कसं काय?”

“मी दिवसभर भिंगातून बघते. मला पेंड दिसणार नाही?”

“मंग बोलली न्हाईस ती.”

“बोलून काय, चरबी गेली असती?” ती म्हणाली. “गाय सुखात गेली ना?”

मारुतरावांनी मान हलवली. पडद्यावर एकच गोळा राहिला होता आणि तो अजून तसाच, मूठ आवळल्यासारखा. साडेअकरा झाले. बारा झाले. तो विस्कटतही नव्हता, फुगतही नव्हता. मारुतराव दोन्ही हात गुडघ्यांत दाबून पुढे वाकून बसले होते. मिनलने एकदा म्हटलं, जरा फिरून या, वेळ आहे. त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. मधेच त्यांचे ओठ हलत होते. शालनबाई शेवंताला हाक मारायच्या ती नावाची नव्हती, नुसता एक लांब आवाज होता. तो त्यांना काही केल्या आठवेना, नुसती चाल आठवली, तीही अर्धी.

पाऊण वाजता मिनल पुढे झुकली. गोळ्याच्या एका कडेला चंद्रकोरीएवढी फट पडली होती. दहा मिनिटांनी ती रुंदावली. मग आतली बाजू हळूहळू उजळत गेली, पोकळी भरली, आणि एकला पाच मिनिटं कमी असताना पडद्यावर गोल, ताणलेला, स्वच्छ गर्भ होता. शेवंताचा. अंगातली बरीचशी चरबी जाळून आलेला.

“जिवंत आहे,” मिनल म्हणाली. दोन वर्षांत तिने हे वाक्य इतक्या काळ्या गर्भाबद्दल कधी म्हटलं नव्हतं. रविराज दारात येऊन उभा होता, फोन कानालाच आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करतोय. मारुतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहून मिशीत शिरत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी गुडघ्यांतले हात काढले नाहीत.

मग ते अगदी सावकाश उठले, खुर्चीला धरून, कमरेत वाकलेलेच, आणि मिनलच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

“पोरी, बाथरूम कोणच्या अंगाला हाय? नऊपास्नं दाबून बसलोय.”