सोमवारचं घर

"जिला अव्वा म्हणतो, तिच्याच घरी न्या की त्याला. मला कशाला इचारता?"

गोदावरीनं हे इतकं ताडकन सांगितलं की दारात उभा असलेला शरणप्पा एक पायरी मागं सरला.

"अक्का, ऐका तर. पोराला मुदतीचा ताप हाय. हकीमसाहेब म्हणाले, रोज नवं घर केलं तर पोरगं हातचं जाईल. एकवीस दिस एकाच घरी ठिवा. आज सोमवार, तुमचा वार, म्हणून..."

"चंद्रप्रभाचा वाडा मोठा हाय. तिथं कमी काय?" असं म्हणून ती आत निघून गेली. शरणप्पा थोडा वेळ ओट्यापाशी घुटमळला आणि मग गेला.

शरणप्पा मठाचा कारभारी. परगावाहून लातूरला शिकायला येणाऱ्या गरीब मुलांना मठात निजायला जागा द्यायची आणि गावातल्या लिंगायत घरांतून त्यांचे जेवणाचे सात वार लावून द्यायचे, हे त्याचं काम. जळकोटचा मन्मथ असाच आलेला. अठरा वर्षांचा, आई लहानपणीच गेलेली. उस्मानिया युनिव्हर्सिटीच्या मॅट्रिकला बसायचं, पास झालं की पुढं शिकायला हैदराबादला जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. सगळा अभ्यास उर्दूत. जेवता जेवताही तो तवारीख, म्हणजे इतिहास, पुटपुटायचा, आणि गोदावरीला त्यातलं अक्षर कळत नसलं तरी ती हातातलं काम टाकून ऐकत बसायची.

गोदावरीचा नवरा संगप्पा गंजात, म्हणजे बाजारपेठेत, धान्य मापायचा. लग्नाला वीस वर्षं झाली, मूल नाही. म्हणून शरणप्पा वार मागायला आला तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं हो म्हटलं, आणि तिच्या वाट्याला नेमका सोमवार आला. सोमवारी मठातल्या मुलांना उपवास सक्तीचा. म्हणजे बाकीच्या सहा बायांनी पोराला काय हवं ते करून घालावं आणि हिनं मात्र दोन्ही वेळा भगर आणि दाण्याची आमटी वाढावी. आडावर बाया हसायच्या. "गोदाक्काचं बरं हाय, भगरीवर पुण्य." ती वरवर हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

या सगळ्यांत तिच्या डोळ्यांत सलायची ती गुरुवारची चंद्रप्रभा. कापडदुकानदाराची बायको. तिलाही मूल नव्हतं, पण तुपाला तोटा नव्हता. गुरुवारी तिच्याकडं तुपातली धपाटी व्हायची आणि त्यांचा वास दोन गल्ल्या ओलांडून यायचा. निदान गोदावरीला तरी यायचा. तिनं एकदा शरणप्पाकरवी वार बदलून मागितला होता, तर चंद्रप्रभाचा निरोप आला की ज्याचं त्याला लखलाभ.

मागच्याच गुरुवारी घरात विरजण असताना गोदावरी विरजण मागायला म्हणून तिच्या दारी गेली. आत मन्मथ जेवत होता. "अव्वा, अजून एक वाढा," तो म्हणाला. अव्वा म्हणजे आई. दोन वर्षं हिच्या पाटावर बसला, हिला कायम काकूच म्हणाला. गोदावरी विरजण न मागताच परतली. पोटात पडलेली ती ठिणगी चार दिवस धुमसली, आणि सोमवारी शरणप्पा दारात उभा राहिला तेव्हा भडकली.

रागाच्या भरात बोललेलं माणसाला संध्याकाळपर्यंत पुरत नाही. हिला दुपारीच पस्तावा झाला. पण आता जायचं कोणत्या तोंडानं? संगप्पा गंजातून येताना रोज चौकशी करून यायचा. "ताप हाय तसाच हाय," एवढंच सांगायचा आणि बायकोकडं बघायचं टाळायचा.

पुढच्या सोमवारी तिनं उपवासाच्या घरात वेगळी चूल मांडून तांदळाची पेज केली, गडू पदराखाली धरला आणि निघाली. कोपऱ्यावरून पाहिलं तर चंद्रप्रभा ओट्यावर बसून बायांना सांगत होती, "माझ्या हातूनच पितो, दुसऱ्या कुणाच्या न्हाई." गोदावरी तिथूनच मागं फिरली. पेज शेजारच्या वासरानं प्यायली.

चौथ्या सोमवारी, एकवीस दिवस भरल्यावर, ती पुन्हा पेजेचा गडू घेऊन निघाली आणि या वेळी मात्र थांबली नाही. मुदत उतरली असेल, पोर उठून बसलं असेल, त्याला आपल्या घरी चल म्हणायचं, हवं तर सगळ्यांदेखत चंद्रप्रभाच्या पाया पडायचं, एवढं ठरवून ती थेट तिच्या माजघरात शिरली.

बाज रिकामी होती.

चंद्रप्रभा भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, केस पिंजारलेले. एकवीस दिवसांत बाई निम्मी झाली होती.

"बाप आला होता त्याचा. पहाटे गाडीत घालून घेऊन गेला," ती म्हणाली. "म्हणला, बस झाली शाळा. जीव वाचला लई झालं. आता न्हाई धाडायचा."

"अन् परीक्षा?"

"कसली परीक्षा अन् काय."

गोदावरीनं गडू खाली ठेवला. मग चंद्रप्रभा तिच्याकडं न बघता बोलू लागली.

"त्याला हितं यायचंच नव्हतं. शरणप्पाला म्हणला होता, सोमवारच्या काकूकडं न्या. तुम्ही न्हाई म्हणलात, मग हितं आणला."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"शरणप्पाला तुम्ही बोलू दिलं का? अन् मी कशाला सांगू? माझ्या घरी हुता, तवर माझा हुता."

"तुला अव्वा म्हणायचा तो."

"मीच म्हणाय लावलं. म्हणल्याबिगर धपाटं वाढत नव्हते." चंद्रप्रभानं नाक पुसलं. "तापात बरळायचा तवा भगर मागायचा. माझ्या घरात बसून भगर. लई राग यायचा मला. एक दिस तर तुमच्याकडं येऊन भांडावं वाटलं."

गोदावरीला रडू आलं. आनंदानं की दुःखानं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोरानं आपलं नाव घेतलं होतं, आणि आपणच दार लावून घेतलं होतं. दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या.

बाजेखाली पोराची पांघरायची वाकळ पडली होती. तापाच्या घामानं कडक झालेली.

"धुवाय पाहिजे," गोदावरी म्हणाली.

"मी धुते."

"वाकळ हाय. एकटीला पिळवंल का?"

दोघींनी ती मागच्या आडावर नेली. पाणी शेंदलं, आपटली, धोपटली. तीनदा पाणी बदललं तेव्हा कुठं गढूळ यायचं थांबलं. मग एक टोक गोदावरीनं धरलं, एक चंद्रप्रभानं. एकीनं एका अंगाला पीळ दिला, दुसरीनं दुसऱ्या. पाण्याची धार लागली, मग थेंब पडू लागले, मग तेही थांबले. वाकळ आता दोरीवर टाकायची होती. पण दोघींपैकी कोणीच आपलं टोक सोडायला तयार नव्हती.