मागच्या बाजूची सहा घरं

फ्रेमवाल्या बाईंच्या नाकावर माशी बसलेली चालत नसे, मग कामातल्या चुकीची काय कथा. वडिलांच्या मागे सत्तावीस वर्षं त्यांनी एकटीने दुकान चालवलं होतं आणि त्या सत्तावीस वर्षांत एक नियम कधी मोडला नव्हता. कागद हातात आला की आधी त्याची पाठ बघायची. लोक कागदाच्या पाठीवर काय काय लिहून ठेवतात, ते गिऱ्हाइकाला आठवत नसलं तरी बाईंना बघावंच लागे. एका गृहस्थांच्या आजोबांच्या तसबिरीमागे दुसऱ्याच कुठल्या बाईला लिहिलेलं पत्र निघालं होतं. बाईंनी तोंडातून अवाक्षर न काढता त्यावर दुसरा कागद लावून तसबीर परत केली होती.

तर असा नियम त्यांनी मोडला, आणि तोही काकांच्या चित्रासाठी.

काका म्हणजे वर्तमानपत्रवाल्यांचे ‘चौरंगी’. हे नाव पडलं ते चार धंद्यांमुळे. तरुणपणी हॉकीत गोल राखला, मग एकतीस वर्षं खेळांच्या बातम्या लिहिल्या, बातमीसोबतची चित्रं स्वतःच काढली, आणि आठवड्यातून चार संध्याकाळी छापखान्यासमोरच्या हॉटेलात जॅझच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. वर तीन पुस्तकं लिहिली. एवढं सगळं एका माणसाने करायचं म्हणजे कशाचा पायपोस कशात नसणार असं कुणालाही वाटेल, पण काकांचं तसं नव्हतं. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या सगळ्या कामाचं मिळून एक प्रदर्शन भरणार होतं. काकांची लेक पत्र्याची ट्रंक घेऊन दुकानात आली आणि तिने बासष्ट कागद बाईंपुढे ठेवले. “सगळे सुरळीसारखे वळताहेत, सरळ तेवढे करा,” म्हणाली.

काकांना कोरा कागद म्हणून विकत घेणं ठाऊकच नव्हतं. सामन्याची पत्रकं, तारेचे फॉर्म, हॉटेलची बिलं, जे हाताला लागेल त्याच्या पाठीवर चित्र. बाईंनी एकसष्ट कागदांच्या पाठी नीट बघितल्या. जिथे मागेही काही होतं तिथे दोन्हीकडून काच लावायची असं ठरवून ते वेगळे काढले. बासष्टावा कागद मात्र हातात घेतला आणि त्या बघतच राहिल्या.

अडथळ्यांची शर्यत. एक मुलगी अडथळ्यावरून जाते आहे, पुढचा पाय लांब, मागचा अजून हवेत, मोकळे सुटलेले केस सगळे मागे फेकलेले, काळेभोर. चेहऱ्यावर जिंकण्याबिंकण्याचा विचार नाही. आपलं पाऊल बरोबर पडलंय याचा शुद्ध आनंद आहे. आणि हे सगळं शाईच्या पंधरा-वीस रेघांत. एकही रेघ पुन्हा गिरवलेली नाही. बाईंनी आयुष्यात हजारो चित्रांना चौकटी घातल्या होत्या, पण असं काही बघितलं नव्हतं. बघता बघता त्यांनी पुठ्ठ्याला खळ लावली, कागद त्यावर बसवला, वरून रूळ फिरवला. सगळं अगदी निगुतीने केलं. कागद उलटा करून बघायचा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः आले. उंच, किंचित वाकलेले, हातात काठी होती पण ती टेकवण्यापेक्षा बोलताना हलवण्यासाठीच.

“तुझ्या वडिलांनी माझं पहिलं चित्र फ्रेम केलं होतं,” ते स्टुलावर बसत म्हणाले. “पैसे नव्हते माझ्याकडे, तर म्हणाले, ट्रम्पेट वाजवून दाखव. वाजवला. म्हणाले, राहू दे, पैसेच दे.”

बाई खळखळून हसल्या.

“बरं, ते शर्यतीचं चित्र आहे ना? त्याच्या मागची बाजू उतरवून घ्यायची होती. आमच्या हिच्यावर केलेली धून आहे तिथे. एकदाच वाजली, हिने धावणं सोडून शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं ठरवलं त्या दिवशी. बाकीच्या प्रती हॉटेल बंद पडलं तेव्हा गेल्या. उद्घाटनाला ती वाजवायचीय.”

 बाईंना एकदम आठवलं की त्या कागदाची पाठ कशी होती ते आपल्याला आठवतच नाही.

त्यांनी काही लपवलं नाही. पुठ्ठा आणून समोर ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. “काका, बघत बसले मी. नादात चिकटवून टाकलं. पाठ बघायचीच राहिली.”

काकांनी चित्राकडे बघितलं, मग बाईंकडे. चित्रातली मुलगी म्हणजे काकू, आणि त्या जाऊन अकरा वर्षं झाली होती. “बघत बसलीस म्हणजे चित्र बरं असणार,” ते म्हणाले. पण आवाज खाली गेला होता, आणि काठी हलायची थांबली होती.

“खळ पाण्याने सुटते ना?”

“सुटते. पण ही शाई पण सुटेल. दोन्हीकडची.”

उद्घाटनाला आठ दिवस होते. बाईंनी त्या दिवशी बाकीची सगळी कामं बाजूला सारली. उरला होता एकच मार्ग: पुठ्ठाच मागून सोलत यायचं. पुठ्ठा म्हणजे एकावर एक चिकटवलेले पातळ कागद. चित्र पालथं घालायचं, बारीक पात्याने पुठ्ठ्याचा एकेक थर उचलायचा, बोटभर सुटला की श्वास रोखून पुढे न्यायचा. जोर जास्त झाला तर पातं थेट चित्रात. पहिल्या दिवशी चार थर निघाले. बाईंची मान संध्याकाळी जी आखडली ती सरळच होईना.

काका रोज दहाला येऊन बसत. “मी बोललो तर चालेल ना?” पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “बोला, पण हसवू नका. हात हलतो.” ही अट पाळणं काकांच्या हातात नव्हतं.

ते चित्रकार झाले ते गोलमध्ये उभं राहून. त्यांचा संघ चांगला होता, चेंडू सगळा वेळ समोरच्या टोकाला, आणि गोलरक्षकाला काम नाही. म्हणून ते पायाच्या पॅडमध्ये कागद खोचून ठेवत आणि लांबचा खेळ काढत बसत. एका मोठ्या सामन्यात असंच चित्र रंगात आलं होतं, आणि चेंडू बाजूने जाळ्यात गेला. कर्णधाराने मैदानावरच हाकललं. बाहेर एक संपादक बसले होते. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि म्हणाले, “गोल खाल्लास ते बरं झालं. उद्यापासून माझ्याकडे ये.”

“आणि ट्रम्पेट?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“ते बातमीमुळे. लांबच्या सामन्यांची बातमी फोनवरून सांगायची असे. लिहायला वेळच नाही, तोंडानेच वाक्यं जुळवायची. पहिल्यांदा माझी इतकी फजिती झाली की पलीकडचा टंकलेखक म्हणाला, अहो, श्वास कधी घेणार आहात? मग समोरच्या हॉटेलात ट्रम्पेटवाल्याकडे जाऊन बसलो. तो एका श्वासात किती वाजवतो आणि कुठे सोडतो ते बघायला. बघता बघता त्याचाच हातात घेतला.” ते जरा थांबले. “आता कवळी आहे. फुंकर मारली तर सुराआधी दात बाहेर यायचे.”

पातं निसटलं. पुठ्ठ्यातच निसटलं, नशीब. बाईंनी ते खाली ठेवलं आणि पोट धरून हसून घेतलं.

पण त्या हसत होत्या तेवढंच खरं नव्हतं. काकांच्या बोलण्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत होती. हा माणूस कधी ‘मी चित्रकार’, ‘मी लेखक’ असं म्हणत नाही. कुणाकडून काय शिकलो तेवढंच सांगतो. टंकलेखकाकडून, हॉटेलातल्या ट्रम्पेटवाल्याकडून, धावणाऱ्या पोरीकडून. काकूंबद्दल म्हणाले, “तीन पावलं आणि उडी, तीन पावलं आणि उडी. माझ्या सगळ्या लिखाणात ती चाल आहे. कुणाला कळलं नाही. हिला कळलं. वाचून म्हणाली, माझी पावलं चोरलीस.” बाईंना या माणसाचा फार अभिमान वाटला, जणू त्या त्याच्या कुणी लागत होत्या. आणि त्यामुळेच आपल्या हातची चूक आणखी टोचायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा थर उरला, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. तो पाण्याशिवाय निघणार नव्हता. बाईंनी काचेखाली दिवा लावला, काचेवर स्वच्छ कागद अंथरला आणि त्यावर चित्र पालथं ठेवलं. पापुद्र्यातून खालचं दिसायला लागलं. पाच-पाच रेघा, त्यांवर सुरांचे ठिपके, उभ्या रेघांनी पाडलेली घरं.

“दिसतंय!” काका लहान मुलासारखे ओरडले.

बाईंनी भिंग धरलं, काकांनी वही घेतली. एकेक घर बघून उतरवायचं. पाऊण तास सगळं सुरळीत चाललं. मग बाईंचा हात थांबला. कागदाच्या मधोमध काळा डाग होता. मुलीचे मागे फेकलेले केस. शाई तिथे इतकी दाट होती की उजेड पलीकडून येतच नव्हता. बाईंनी भिंग पुढे-मागे केलं, दिवा बदलला, आडवा धरून बघितला. डागाच्या कडेला सुरांच्या दांड्यांची टोकं तेवढी बाहेर डोकावत होती. आत सहा घरं होती आणि त्यात काय आहे ते दिसायची सोय नव्हती.

“आठवतं का काही?” त्यांनी हळूच विचारलं.

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले, बोटं ट्रम्पेटच्या तीन कळा हवेतच दाबत राहिली.  “इथपर्यंत येतो,” ते म्हणाले, “आणि पुढे भिंत.”

“मग पाण्याने काढू या. फक्त तेवढाच भाग. केसांची शाई फुटेल, सूरही थोडे पसरतील, पण वाचण्यापुरते राहतील आणि धून मिळेल. काका, चूक माझी आहे, तुम्ही म्हणाल तसं करते.”

“नको.” इतक्या झटकन उत्तर आलं की बाई दचकल्या. “केस नको.”

मग ते वही काखेत घेऊन गेले. पुढचे चार दिवस आले नाहीत. लेकीचा फोन आला की बाबा बाजाची पेटी घेऊन बसतात, त्या सहा घरांसाठी काही ना काही लिहितात आणि फाडून टाकतात. पंधरा वर्षांत नवीन धून केली नाही, आता कुठून सुचणार. बाईंना जेवण गोड लागेना. एवढ्या मोठ्या आयुष्याचा सोहळा, त्यात काकूंची एकुलती एक धून, आणि तिच्या मधोमध आपण पाडलेलं भोक. बासष्ट फ्रेमा वेळेत पोचल्या, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी दालन गच्च भरलं होतं. म्हातारे खेळाडू होते, वर्तमानपत्रवाले होते, काकूंच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. समोरच्या भिंतीवर ते शर्यतीचं चित्र एकटंच लावलं होतं. बाई सगळ्यांच्या मागे दाराशी उभ्या राहिल्या, वेळ आलीच तर पटकन निघून जाता यावं म्हणून. पियानो, मोठा बास आणि ड्रमवर काकांच्या वयाचे तिघं होते. ट्रम्पेट एका विशीतल्या पोरीच्या हातात होता.

काका उभे राहिले. “ही धून या चित्राच्या मागच्या बाजूला आहे,” ते म्हणाले. “हिच्यात मधे सहा घरं मोकळी आहेत. पहिल्यापासून मी ती मुद्दाम मोकळी सोडलेली आहेत. तिथे वाजवणाऱ्याने आपल्या मनाचं वाजवायचं.”

बाईंनी दाराची चौकट धरली.

धून सुरू झाली. तीन सूर आणि उडी, तीन सूर आणि उडी. पोरगी सुंदर वाजवत होती. मग पियानो थांबला, बास थांबला, फक्त ड्रमवर तारेच्या ब्रशची हलकी चाल राहिली आणि तिने डोळे मिटून त्या सहा घरांत उडी घेतली. तिने काय वाजवलं ते बाईंना सांगता आलं नसतं. ते चढत गेलं, एका जागी पडेल पडेल असं वाटलं आणि पडलं नाही. दालनात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि सगळे, अगदी सगळे, भिंतीवरच्या त्या मुलीकडे बघत होते.

टाळ्या ओसरल्यावर बाई गर्दीतून वाट काढत काकांपर्यंत पोचल्या. “काका, तिथे सूर होते. मी भिंगातून दांड्या बघितल्यात. तुम्ही पण बघितल्यात.”

“होते ना.”

“मग असं का सांगितलंत?”

“काय सांगू? चुकून चिकटलं म्हणून? म्हणजे सगळे वळून तुझ्याकडे बघत बसले असते.” काकांनी चित्राकडे हात केला. “आज हिच्याकडे बघायचं होतं.”

 बाईंचे डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. तेवढ्यात ट्रम्पेटवाली पोरगी धुनीचा कागद नाचवत आली. “काका, यात मधली घरं नुसतीच कोरी आहेत. दुसऱ्या कुणी वाजवलं तर त्याला कसं कळणार? लिहून द्या ना.”

“आण.”

टेकायला जागा नव्हती. बाईंनी आपले दोन्ही तळहात पुढे केले, कागद त्यावर ताणून धरला. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि सहा कोऱ्या घरांवर लिहिलं, ‘इथे मोकळं वाजवावं’. खाली सही केली आणि सहीखाली त्या दिवसाची तारीख घातली.

“आजची तारीख?” पोरगी म्हणाली. “तुम्ही तर म्हणालात, पहिल्यापासून मोकळी आहेत.”

“ते बोललो,” काका म्हणाले. “हे लिहितोय.”