माझ्या पोटातली डरकाळी

एका सडपातळ लॅपटॉपची मी जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघाले ती थेट बाहुल्या करून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या एका ताईच्या टेबलावर आले. तिथे चिंध्या, कापूस, बटणं असा सगळा पसारा! ताईच्या खेळांची चित्रं, गाणी, आवाज, सारं मी पोटात ठेवून घेतलं. "हिच्या पोटात काय वाट्टेल ते मावतं," असं ती कौतुकानं म्हणायची. पण चालू लॅपटॉप सोफ्यावर आदळायचीही.

ताईची धाकटी बहीण रुग्णालयात मुलांची नर्स होती. तिथल्या मुलांनी नव्या खेळातल्या बाहुल्यांना आपले आवाज दिले होते. सिंह झालेली चिमुरडी तर खोकत खोकत डरकाळी फोडायची. ती आता बरी होऊन दूर आपल्या गावी गेली होती. खेळ उद्यावर आला आणि त्याच सकाळी मी कट्-कट् करू लागले.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, या आवाजांची दुसरी प्रतच नाही! सिंह कुठून आणू आता?"

"आधी बंद कर तो लॅपटॉप," धाकटी म्हणाली. "पेशंटला आराम दे. नवी डिस्क घेऊन ये, मग बघू."

नवी डिस्क आली. तारेनं ती लॅपटॉपला जोडली आणि माझ्यातलं एकेक तिच्यात उतरू लागलं. सिंहापाशी मात्र मी अडकले. एकदा अडकले, पुन्हा अडकले. मला फार वाईट वाटलं.

"चल गं म्हातारे," ताई पुटपुटली, "एवढी एक डरकाळी दे, मग खुशाल झोप."

मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं, आणि उतरली की हो डरकाळी, खोकल्यासकट! दोघी बहिणींनी टाळ्या पिटल्या.

मग लॅपटॉप बंद करून त्यांनी इवलेइवले स्क्रू काढले, बॅटरीची तार सोडवली आणि मला अलगद उचललं. माझ्या जागी नवी ठेवली, तर झाकण फुगलेलं!

"पोट आत घे म्हणावं हिला!" ताई वैतागली.

"अगं, डिस्कसोबत जाड लॅपटॉपसाठी दिलेली प्लास्टिकची चौकट चिकटवलीस तू हिच्यावर," धाकटी हसत सुटली. चौकट निघाली आणि झाकण चपखल बसलं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात खेळ काय रंगला म्हणता! डॉक्टरसुद्धा खोकून डरकाळ्या फोडत वॉर्डभर हिंडले.

आता मी निवृत्त आहे. ताईनं मला उघडून माझी चकचकीत तबकडी एका बाहुलीच्या हातात आरसा म्हणून दिली. मुलं तिच्यात डोकावून वेडीवाकडी तोंडं करतात. इतकी मजा मला लॅपटॉपमध्येही आली नव्हती.

मित्रांनो, लॅपटॉप हळू ठेवत जा, आत कुणीतरी राबत असतं. आणि जे जिवापाड आवडतं, त्याची आणखी एक प्रत आजच करून ठेवा. आम्ही कटकट करेपर्यंत थांबू नका!