फुंकरबाबाने विरघळवलेली गाठ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर फुंकरबाबाने सोनोग्राफीच्या दोन फिल्म दिव्यासमोर धरल्या होत्या. पहिलीत गर्भाशयात गाठ, दुसरीत काहीच नाही. मधल्या काळात बाबाने माझ्या शेजारच्या काकूंच्या पोटावर फुंकर घातली होती.

"मी कोण सांगणारा?" बाबा लाडिकपणे म्हणाला, "तुमचं मशीनच सांगतंय." चांगली शिकलीसवरलेली माणसं टाळ्या पिटत होती. अक्कल बहुधा दाराबाहेर ठेवून आली असावीत.

काकूंचा मुलगा माझ्या कानाशी लागला. "डॉक्टर, ऑपरेशन रद्द करतोय. आईचं रक्तही थांबलंय, आता कशाला कापायचं तिला?"

पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर काकूंना रक्त जाऊ लागलं होतं. दवाखान्यात दुर्बीण घालून ती गाठ काढली आणि तपासायला माझ्या लॅबमध्ये पाठवली; घरच्यांना वाटलं, नुसता तुकडा घेतलाय. सूक्ष्मदर्शकाखाली बेढब, गडद केंद्रकांच्या पेशी दिसल्या. सिरस कॅन्सर. गर्भाशयाच्या कॅन्सरमधली ही दांडगट जात, अस्तर पातळ दिसत असतानाही गुपचूप पोटात पसरणारी. म्हणूनच गर्भाशय काढायचं ऑपरेशन ठरलं होतं.

मी तयारीनेच आले होते. सरळ मंचावर चढले. बाबाशेजारीच काकूंना बसवलं होतं. "काकू, सांगू सगळ्यांसमोर?"

"सांग की. माझं गर्भाशय यांनी गावभर दाखवलंच आहे."

मी पर्समधून मेणाची छोटी वडी काढली. "बाबा, तुम्ही विरघळवलेली गाठ ही. मेणात बसवून माझ्या कपाटात ठेवली होती. तुम्ही फुंकलात ते त्यानंतर."

"देह डॉक्टरांनी काढला," बाबा डोळे मिटून म्हणाला, "दोष मी काढला."

मागून एक बाई उठली. "मलाही म्हणाले होते, आधी डॉक्टरकडून गाठ काढून घे, मग फुंकर घेऊन पुन्हा फोटो काढ."

एवढीच त्याची सिद्धी. काम डॉक्टरांचं, टाळ्या याला. गाठ गेली म्हणून रक्त थांबलं आणि फिल्म साफ आली.

काकू मुलाला म्हणाल्या, "ऑपरेशन ठरल्या दिवशीच होणार. चल घरी."

ऑपरेशनमध्ये पोटातल्या चरबीच्या पडद्यावर मोहरीएवढा कण सापडला. दोन्ही फिल्ममध्ये तो नव्हता. तपासला, तोही कॅन्सरच. काकूंना सांगितलं. तर म्हणाल्या, "एवढं फुंकला मेला, आणि हा एक कण हलला नाही त्याच्याने?"

त्यांची केमोथेरपी सुरू आहे. पुढचं मी छातीठोकपणे सांगत नाही, तसं फक्त बाबा सांगतो. तुम्ही एवढंच करा: पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासून घ्या, आणि ते थांबलं म्हणून उपचार सोडू नका.