दोनशे वेळा वाचवलेला महिपत

मला आत्तापर्यंत निदान दोनशे वेळा आगीतून वाचवलंय. त्यातल्या एकशे नव्याण्णव वेळा आग नव्हतीच. एकदा होती. त्या एका वेळेचं सांगायला मी आज बसलोय. बसलोय म्हणजे बसवलंय. स्वतःहून बसणं मला जमत नाही.

मी महिपत. शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या अंगाला एक लहानसं अग्निशमन केंद्र आहे. एक बंब, सात माणसं आणि मी. नोंदवहीत माझं नाव 'डमी, मोठी, एक नग' असं आहे. आगीतून माणूस कसा बाहेर काढायचा हे गावोगावी शिकवायचं तर माणूस लागतो, आणि खरा माणूस एकदा आपटला की दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून मी.

ताडपत्र्या शिवणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी मला शिवलं. अंगात जुना खाकी शर्ट-पँट, पोटात फाटक्या होजपाइपचे तुकडे, काथ्या आणि वाळू. वजन सत्तावन्न किलो. माझ्याआधी केंद्रात महिपतराव नावाचे साहेब होते. एकदा खुर्चीत बसले की चौघांना हलत नसत. ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात मी आलो, त्यामुळे नाव शोधायची गरज पडली नाही. तोंड मात्र बंब चालवणाऱ्या सुदेशने मार्करने काढलं. काढताना त्याचा हात हलला आणि माझी एक भुवई वर गेली. तेव्हापासून कोण काहीही सांगत असलं तरी मला ते पटलेलं नाही असं दिसतं.

केंद्राचे प्रमुख सहदेव. गावात भाषण करायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कोरड पडते, पण मला उचलायला दिलं की कसे रंगात येतात. त्यांच्याबरोबर मी पुष्कळ फिरलोय. एकदा बाळकुमच्या मोठ्या सोसायटीनेही मला मागून नेलं. सातव्या मजल्यावरून मला जिन्याने खाली आणायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी घामाघूम होऊन म्हणाले, "आता लिफ्टने नेऊया ना, बघणारं कोण आहे?" सहदेवांनी शांतपणे विचारलं, "आगीत वीज गेली तर लिफ्टमध्ये तुम्ही थांबणार की महिपत?" सेक्रेटरींनी मला परत उचललं. पुढच्या जिन्यात चपलांची कपाटं, दोन सायकली आणि एक तुळशीचं पिंप होतं. प्रत्येकावर माझं डोकं आपटलं.

तर पळसपाडा. नदीकाठचं गाव, अर्धी घरं कौलारू, अर्धी स्लॅबची. शाळेच्या पटांगणात आमचं प्रात्यक्षिक होतं. सहदेवांनी गॅसचा वास आला तर काय करायचं ते सांगितलं: रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही. मग मला पुढे आणलं. लगेच सर्वेश पुढे आला. वय सत्तावीस, रोज कल्याणच्या जिममध्ये जाणारा. त्याने मला एका झटक्यात खांद्यावर टाकलं आणि मित्राला म्हणाला, "व्हिडिओ घेतलास ना रे? परत नाय उचलणार, आत्ताच सांगतो."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मागून एक बाई उठल्या. बारीक अंगाच्या, साठी ओलांडलेल्या. या हौसाबाई, माहेर जुन्नरकडचं, नांदायला इथे. त्या म्हणाल्या, "सायेब, ह्यो ठीक हाय. पर माझा मालक दोन वर्सं अंथरुणात हाय, डावी बाजू गेली. मला काय असा खांद्यावर येनार न्हाई. मी काय करू?"

कुणीतरी हसलं. सहदेव हसले नाहीत. त्यांनी चादर मागवली, मला तिच्यावर लोटलं, डोक्याकडची टोकं एकत्र पिळून मुठीत धरली आणि खाली वाकून मागे मागे चालत मला ओढत नेलं. "मावशी, उचलायचं नाही. घसरवायचं. धूर वर असतो, खाली श्वास घेता येतो."

हौसाबाईंनी एकदा करून पाहिलं. मी वीतभर सरकलो. त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि सहदेवांना म्हणाल्या, "ह्याला म्हयनाभर माझ्याकडं ठेवा."

अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती. सहदेवांनी थोडा विचार केला आणि नोंदवहीत सही घेतली.

हौसाबाईंच्या घरी पुढच्या खोलीत त्यांच्या मालकांची, म्हणजे आबांची, खाट आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डवर टीव्ही, फ्रिज, पंखा, मोबाइलचा चार्जर. सहदेव मला पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "आबा, एवढा भार त्या बोर्डला झेपणार नाही. फ्रिजला वेगळं कनेक्शन घ्या." आबा म्हणाले, "बघू." आबा शहाडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे विजेबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं चालत नसे. मागचं दार लाकडाच्या मोळ्यांनी बंद झालं होतं. ते मात्र हौसाबाईंनी त्याच दिवशी मोकळं केलं आणि उंबरठ्यावर एक उतरती फळी टाकली.

रोज दुपारी जेवणं झाली की माझी वरात निघे. खाटेवरून गोधडीवर, गोधडीवरून स्वयंपाकघर, फळी, मागचा आंबा. आबांना तेवढ्यापुरतं खाटेशेजारच्या खुर्चीत टेकवलेलं असे, तिथून ते घड्याळ लावायचे. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली आणि हौसाबाई माझ्या अंगावरच बसून धापा टाकायला लागल्या. शेजारच्या शांताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "हौसे, परका पुरुष ओढतेस आणि नवरा बघतोय." आबा आतून म्हणाले, "बघत नाहीये, वेळ मोजतोय." या शांताबाई म्हणजे सर्वेशची आई.

दोन आठवड्यांत हौसाबाई अडीच मिनिटांवर आल्या. मग त्यांनी गोधडी आबांच्या खाटेलगत अंथरली. "आता तुमी."

"मला नको. बाहुल्याला ओढतेस तेवढं पुरे."

"बाहुल्याला जळून काय व्हनार हाय?"

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण आबा तयार झाले. दाराबाहेर जाईपर्यंत त्यांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आंब्याखाली पोचल्यावर मात्र ते वर बघत राहिले. दोन वर्षं त्यांनी छपराशिवाय वर काही पाहिलं नव्हतं. कैऱ्या लागल्या होत्या. एक पोपट अर्धी कैरी टाकून उडाला. आबा संध्याकाळपर्यंत तिथेच पडून राहिले आणि दुसऱ्या दिवशी जेवण होताच म्हणाले, "आज ओढायचं नाही का?"

तेव्हापासून माझा भाव उतरला. हौसाबाई मला पुढच्या दाराजवळ, खिडकीखाली जमिनीवर झोपवून अंगावर चादर टाकायच्या, कारण उघडा ठेवला की पोस्टमन दचकायचा.

मे महिन्यातली दुपार. वीज तासभर गेली होती. ती आली आणि बोर्डमधून चट्‌चट् आवाज झाला. आबा खाटेवर डुलकीत होते. ठिणगी पडद्यावर पडली, पडदा टेरिकॉटचा, तो पेटला तो थेट वरपर्यंत. हौसाबाई स्वयंपाकघरातून आल्या. ओरडल्या नाहीत. आबांना गोधडीवर लोटलं, टोकं पिळली आणि वाकून निघाल्या. माझ्याजवळून आबांचे पाय सरकत गेले. मला वाटलं, हौसाबाई माझ्याकडे बघतील. नाही बघितलं. तेच बरोबर होतं, मला माहीत आहे. तरी वाटलं.

खोली धुराने भरली. मी चादरीखाली होतो. आणि मग पुढचं दार धाडकन उघडलं.

सर्वेश. तोंडाला टॉवेल, डोळे मिटलेले, हाताने चाचपत येत होता. "आबा, आबा," म्हणत तो माझ्या पायाला अडखळला आणि माझ्यावर पडला. त्याने चादरीसकट माझ्या काखेत हात घातले. वर कौलांखालचं लाकूड कडकड वाजत होतं, पण त्याने मला सोडलं नाही. मला उंबरठ्याबाहेर ओढलं आणि मागे आतला वासा खाली आला. मिनिटभर उशीर झाला असता तर आम्हा दोघांतला एक वाचला नसता. मी वाचण्यातला नाहीच, त्यामुळे हिशेब सोपा आहे.

अंगणात लोक जमले. माझ्यावर तीन बादल्या पाणी पडलं. सर्वेशने चादरीवरूनच माझ्या छातीला कान लावला. काही ऐकू येईना. तो डोकं तसंच ठेवून रडायला लागला, नाकातून, लहान मुलासारखा. "आबा, उशीर झाला रे मला," असं काहीतरी म्हणत होता. शांताबाईंनी हलक्या हाताने माझ्या तोंडावरची चादर काढली.

मार्करचे डोळे, एक भुवई वर.

मग मागच्या बाजूने आबांचा आवाज आला. "सर्वेश, मी इकडे आहे आंब्याखाली. तो महिपत आहे."

लोक हसले. सर्वेश हसला नाही. त्याची एक भुवई जळाली होती. त्याचं डोकं अजून माझ्या छातीवर होतं. माझ्यासाठी कुणी रडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शांताबाईंनी आधीच एकशे एकला फोन लावला होता, म्हणून बंब लवकर आला. पुढची खोली गेली, स्वयंपाकघर वाचलं. आग विझल्यावर सहदेवांनी सर्वेश आणि हौसाबाईंना समोर उभं केलं.

"सर्वेश, आत शिरलास ते कुणाला विचारून? आत कोण आहे, कोण बाहेर आलंय, हे आधी बघायचं."

"विचारायला टाइम कुठे होता, साहेब? धूर दिसला आणि गेलेलो."

"घराभोवती एक फेरी मारायला किती वेळ लागला असता?"

सहदेव हौसाबाईंकडे वळले. "आणि मावशी, तुम्ही छान केलंत. पण बाहेर आल्या आल्या पुढच्या अंगणाकडे ओरडून सांगायचं, आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून हा पोरगा आत गेला."

हौसाबाईंचा चेहरा उतरला. त्या सर्वेशजवळ गेल्या, पदराने त्याच्या कपाळावरची काजळी पुसली आणि म्हणाल्या, "माजी चूक झाली रं बाबा." त्यावर आबा म्हणाले, "बोर्ड माझा होता." आबांच्या तोंडून एवढंच आलं, पण पळसपाड्यात ते अजून सांगतात.

आता मी केंद्रात परत आलोय. डावा हात जळाला होता, तो प्रमोदिनीबाईंनी नवीन शिवला. तो थोडा लांब झालाय. पळसपाड्यात आठ माणसांचं पथक झालंय. हौसाबाई बचत गटातल्या बायकांना गोधडी धरायला शिकवतात आणि सर्वेश आधी घराभोवती फेरी मारायला शिकवतो. मला उचलताना तो आता कुणाला व्हिडिओ घ्यायला सांगत नाही.

पुढच्या रविवारी आमचा बंब तुमच्याकडेही येईल. लाजू नका, पुढे या. घरात जे कुणी अंथरुणावर असेल, त्याच्या वजनाचा अंदाज घेऊन मला ओढून बघा. माझं डोकं आपटा, मला उंबरठ्यावर अडकवा, चुकीच्या दाराने न्या. काय चुकायचं ते माझ्यावरच चुका. येताना फक्त चादर जुनी आणा. नवी मळली तर घरी जी आग लागेल, ती आमच्या बंबाने विझत नाही.